लिंबाला टांगलेला डबा

श्वास आत जात न्हवता. भाईर बी येत न्हवता. हातात लांब दांड्याचं उलथनं, कढईत दूध निम्म्यावर आटलेलं, आन् माजी अकरा महिन्याची पोरगी रांगत रांगत भट्टीच्या तोंडाकडं निघालेली. तिला हाक मारायची होती. तोंड उघडलं तर आवाजच निघंना, छातीतून नुसती शीळ वाजायली. पोरगी मागं वळून हसली. तिला वाटलं आई खेळायली.

भट्टीच्या तोंडाशी निखारे होते. म्याच वढून ठिवले होते, जाळ एकसारका लागावा म्हनून. तिचा हात त्या निखाऱ्यापास्नं वीतभर. म्या उलथनं टाकलं आन् सोताला बी टाकलं. पोटावर पडले, तिचा पाय हाताला लागला, पाय धरूनच मागं वढली. ती रडली. तिचं रडनं कानावर आलं आन् मग डोळ्यांफुडं अंधार आला.

आत्या गोठ्यातनं पळत आल्या. आत्या म्हंजी माजी सासू. आल्या आन् पयलं कुठं बगितलं त्यांनी? कढईत. “लागला की गं खवा,” म्हनल्या. मी खाली पडलेली, पोरगी माज्या अंगावर रडायलेली, आन् ह्यांनी पयलं उलथनं उचललं. हात चालू केला. मग मालकांना, म्हंजी माज्या नवऱ्याला, हाक मारली.

ह्याचा राग मी आजून गिळलेला न्हाय. गिळनार बी न्हाय.

पन मी बी काय येगळी होते? दम लागायला लागून अर्धा घंटा झाला होता. तवाच भाईर यायचं की. आले न्हाय. कढई भट्टीवर आसली की बाई हालत न्हाय, आमच्याकडं आसंच हाय.

आमच्या भूमच्या बाजूला घरोघर खव्याच्या भट्ट्या. सकाळी किटल्या भरून दूध येतं. ते मोठ्या लोखंडी कढईत वतायचं, खाली बाभळीची लाकडं घालायची आन् गोळा सुटस्तवर हलवत ऱ्हायचं. हात थांबला की खाली लागतं. लागलं की खवा पिवळा पडतो, जळका वास मारतो, बाजारात त्याला कुनी हात लावत न्हाय. खवा पांढरा पायजे. वाऱ्यानं त्याच्यात कचरा पडू ने म्हनून आमचं पत्र्याचं शेड तीन बाजूंनी बंद. फटी ऱ्हायल्या होत्या तिथं पोती कोंबलेली. कचरा आत येत न्हाय आन् धूर भाईर जात न्हाय. खव्याची एवढी काळजी. त्या खव्याला हलवनारीची कुनाला फिकीर?

मालकांनी गाडीवर बसवून तालुक्याला नेलं. मधी पोरगी, मागं आत्या, त्यांनी मला धरलेलं. डॉक्टरनं नाकावर वाफेची नळी लावली. थोडा दम आत गेला. मग त्यानं इचारलं, काम काय करता?

म्या म्हनलं, घरकाम.

आत्या शेजारी उभ्या. त्यांनी मान ताठ करून सांगितलं की आमच्या घरची सून कुठं कामाला जात न्हाय. डॉक्टरनं इचारलं, स्वयंपाक चुलीवर का? म्या म्हनलं, गॅस हाय. खोटं न्हाय ते, भाकरी गॅसवरच हुतात. तो म्हनला, मग ही ॲलर्जी आहे, धुळीपासून जपा. तोंडात मारायचा पंप लिहून दिला.

आता वाचनारे म्हनतील, बाई, भट्टी का न्हाय सांगितली? सांगते. आमच्या घरात सुनेचं काम म्हंजी जे दुसऱ्याच्या बांधावर, दुसऱ्याच्या दारात जाऊन करायचं ते. आन् ते करायची येळ आली न्हाय, ह्याचाच आमच्या घराला तोरा. भट्टी तर घराच्या मागं. भट्टीवाला कोन? मालक. दुधाचं माप कोन घेतं, खवा बाजारात कोन नेतं? मालक. आमी नुसतं हलवतो. पानी भरल्यागत, भांडी घासल्यागत. सहा वर्षं रोज सकाळी सातपास्नं दुपारी एकपर्यंत मी त्या धुरात उभी होते, बाळंतपनाचा सव्वा महिना सोडून, आन् ते काम हाय आसं माज्या मनात कधी आलंच न्हाय. आठवीपर्यंत शिकले मी. बिनडोक न्हाय. पन न्हाय आलं.

दवाखान्यातनं परत येताना मला लिंबावरचा डबा आठवला. आन् आसं वाटलं की आपल्या थोबाडीत आपनच मारून घ्यावी.

मागच्या थंडीत सर्वेवाले आले होते. दमा, बीपी, शुगर वाढत चाललंय, कुठल्या कामाच्या मानसाला काय हुतं, ह्येचा आभ्यास करायले म्हनले. आमच्याकडं एक ताई आली, माज्याच वयाची आसंल, पायात बूट, हातात पाटीएवढा मोबाइल. वसरीवर खुर्चीत बसली, भट्टीकडं पाठ करून. मालकांना लई इचारलं. खडी फोडायला जाता का, फवारनी करता का, ट्रक चालवता का, तोंडाला काय बांधता. मालक खुश हून उत्तरं देत होते. फवारताना तोंडाला रुमाल बांधतो म्हनले. त्यांनी रुमाल बांधलेला म्या तरी बगितला न्हाय.

मग माजी पाळी. विडी वढता का? मी हसले. तंबाखू, मिसरी? न्हाय. काम? घरकाम. तिनं त्या घरकामावर बोट ठिवलं आन् मोबाइलातले कामाचे फुडचे समदे प्रश्न गळून पडले. माज्या डोळ्यांनी बगितलं मी. मालकांना ढीगभर प्रश्न, मला एक बोट.

जाताना तिनं आमाला दोघींना, मला आन् आत्यांना, एक एक डबा दिला. साबनाच्या वडीएवढा, पांढराशुभ्र, गळ्यात अडकवायचा. तो हवा मोजतो म्हनली. उद्या दिवसभर गळ्यात ठेवा, पाणी लागू देऊ नका, लई महाग आहे, जपा.

जपा म्हनली तर आमी जपला. सकाळी भट्टी पेटवायच्या आदी आत्या म्हनल्या, दुसऱ्याची वस्तू हाय, धुरानं काळी केली तर काय तोंड दाखवायचं. शेडाच्या पत्र्याचा आदी कसला रंग हुता ते आता कुनाला आठवत न्हाय, तर ह्या डब्याचं काय हुईल? म्या दोन्ही डबे आंगनातल्या लिंबाला टांगले. वर, कुत्र्याचं तोंड पुरू ने म्हनून. दुपारी भट्टी इझवली, हातपाय धुतले आन् परत गळ्यात घातले. ताई न्यायला आली तवा म्हनली, किती स्वच्छ ठेवलात. आमाला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

दोन-तीन महिन्यांनी कागद आला. हिरवा शिक्का, तुमच्या घरातली हवा चांगली. मालकांनी त्याला प्लास्टिक लावून घेतलं आन् देवाच्या फोटोशेजारी ठोकला. बाजारात सांगत फिरले, आमची भट्टी सर्टिफिकेटवाली. लिंबाखालची हवा चांगलीच हाय हो. कुत्रं बी दुपारी तिथंच झोपतं.

तालुक्यावरून आल्यावर आठ दिवसांनी मी पोरीला कडंवर घिऊन येष्टीनं परत डॉक्टरकडं गेले. एकटी. घरात सांगितलं, पोरीला डोस द्यायचाय. डॉक्टरला भट्टीचं सांगितलं. त्यानं लिहायचं थांबवून वर बगितलं. रोज किती तास, किती वर्षं, धूर कुठून जातो, समदं इचारलं.

“अहो, मग हे आधी सांगायचं ना. तुम्ही परत धुरातच जाणार असाल तर ह्या पंपाचा काय उपयोग?”

तुमी तरी कुठं इचारलं, आसं तोंडात आलं हुतं. पोरीला फुडं केलं. पोरीच्या छातीला त्यानं नळी लावली. मी त्याच्या तोंडाकडं बगत ऱ्हायले. हिला आत्ता काही नाही म्हनला. ते “आत्ता” मी घरापर्यंत घिऊन आले.

घरी येऊन मालकांना सांगितलं. आवो, मला भट्टीवर ठिवू नका, न्हायतर शेडाची मागची बाजू तरी मोकळी करा, वर धुराडं बसवा. मालक वाईट न्हाईत. कधी हात उचलला न्हाय. पन त्यांनी त्या कागदाकडं बोट केलं.

“सरकारी मशीन म्हनतंय हवा चांगली हाय. डॉक्टरनं काय भट्टी बगितली का? मशीन म्हनू दे वाईट, उद्याच भिंत काढतो.”

हे आसं ठरलं. माजा दम मालकांच्या हातात न्हाय, डॉक्टरच्या हातात न्हाय, त्या हिरव्या शिक्क्याच्या हातात. दिवाळीपर्यंत बरी हो म्हनले, दिवाळीला खव्याची मागनी लई आसती.

तवर भट्टीवर आत्या उभ्या ऱ्हायल्या. आमच्या टायमाला चौथ्या दिशी बाळंतीण भट्टीवर यायची, तुमचं समदं नाजूक काम, आसं दिवसातनं चार बार ऐकवायच्या आन् खोकायच्या. बोलनं कमी, खोकला जास्ती. आत्या आडव्या झोपत न्हाईत. कवापास्नं न्हाईत ते मला बी ठाव न्हाय, मी सून हून आले तवापास्नं भिंतीला टेकूनच झोपत्यात. इचारलं की म्हनायच्या थंडी बाधती. उन्हाळ्यात बी थंडीच बाधायची. वय झालं म्हनून आमी सोडून दिलं हुतं. वय तरी काय, माज्या आईपेक्षा दोन वर्षांनी बारक्या.

एक दिस मी म्हनलं, आत्या, तुमाला बी हेच झालंय. तुमी बी डॉक्टरला दाखवा.

“मला काय झालं न्हाय. तुला बसून खायचंय म्हनून मला आजारी पाडू नको,” म्हनल्या.

मला लई राग आला. त्या राती म्या त्यांना पानी बी इचारलं न्हाय. सकाळी आत्याच भट्टीवर, माज्या जागी. राग कुनावर धरावा तेच कळंना. धरला तरी सुटायचा, सुटला तरी परत यायचा.

मग ह्या वर्षी दिवाळीच्या आदीच तीच ताई परत आली. तीच खुर्ची, तीच पाठ. म्हनली, मागच्या वर्षीच्याच लोकांना परत विचारायचंय, काय बदललं ते बघायचंय. नाव, वय, विडी, तंबाखू. मग काम.

“भट्टी,” म्या म्हनलं. “खव्याची. सकाळी सातपास्नं.”

तिनं मोबाइलात मागं जाऊन बगितलं. “इथं तर घरकाम लिहिलंय. तुम्हीच सांगितलं होतं.”

“तुमी वळून बगितलं आसतं तर मी सांगायची गरज न्हवती.”

एवढं बोलताना बी माजा दम गेला. मालक दारातनं म्हनले, आगं पाव्हन्यांशी कसं बोलतीस. म्या त्यांच्याकडं बगितलं न्हाय. मागच्या वर्षी डबा कुठं हुता ते सांगितलं. लिंबाला. तिनं आंगनातल्या लिंबाकडं बगितलं, मग माज्याकडं. मला वाटलं ही आता हसनार. हसली न्हाय. उठली आन् शेडात गेली. आत आत्या हलवायल्या होत्या. दोन पावलं गेली, ओढनी नाकाला लावली, खोकत भाईर आली. डोळे लाल.

“हे तर काम आहे,” ती म्हनली.

म्या म्हनलं, मग लिवा.

तिनं लिवलं. या खेपंला समदे प्रश्न आले, फवारनीवाल्यांच्या वरताण. पन डबा मला दिला तर उपयोग न्हाय म्हनली, कारन मी आता धुरात उभी ऱ्हात न्हाय. जी उभी ऱ्हाती तिच्या गळ्यात पायजे. आत्यांना बोलावलं. पदरानं तोंड पुसत आल्या, खाली बसल्या. दम खायला त्यांना किती येळ लागला ते तिनं बी बगितलं. मग काम इचारलं.

आत्या म्हनल्या, घरकाम.

म्या म्हनलं, आत्या, आत्ता तर तुमी भट्टीवरनं उठून आलाव.

“तुज्या तोंडचं तू सांगितलंस ना. माज्या तोंडचं मी सांगते. आमच्या घरच्या बाया कामाला जात न्हाईत.”

ताई म्हनली, ज्याचं त्यानंच सांगायचं असतं, सुनेचं मला लिहिता येणार नाही. तिनं घरकाम लिवलं. बोट ठिवलं, प्रश्न गळाले. पन डबा दिला. आन् या बारीला नीट बजावून सांगितलं, भट्टीवर सुद्धा गळ्यातच ठेवायचा, काळा झाला तर होऊ द्या. ज्याचा डबा त्यानंच हाताळायचा, दुसऱ्या कुणी हात लावला तर ते मोजमाप बाद.

दुसऱ्या दिशी सकाळी मी आंगनात आले तर डबा लिंबाला. माज्यापेक्षा वरच्या फांदीला. पांढराशुभ्र.

शेडातनं खोकला ऐकू येत हुता. पोरगी कडंवर. मी लिंबाखाली उभी ऱ्हायले. परत हिरवा शिक्का येनार. परत प्लास्टिक, परत देवाशेजारी. दिवाळीला मी परत त्या कढईफुडं, आन् पोरगी परत त्या निखाऱ्यांफुडं. मी गेले तर आजून पाच-सात वर्षांनी तिच्याच हातात उलथनं. आन् ती बी सांगनार, घरकाम.

पोरीला बाजंवर ठिवलं. फांदी वाकवली. डबा काढला. पदराचा बोळा नाकातोंडाला लावून शेडात गेले आन् आत्यांच्या मागं, त्यांच्या डोक्याच्या उंचीवर, पत्र्याच्या खांबाला खिळा हुता त्याला टांगला. एवढ्यानंच छातीत शीळ सुरू झाली.

आत्यांनी वळून बगितलं. हात चालूच.

“काळा हुईल गं तो,” म्हनल्या.

म्या म्हनलं, हू द्या.

त्या हलवतच ऱ्हायल्या. दोन्ही हात उलथन्याला, सोडता येत न्हवतं. का सोडायचंच न्हवतं, ते मला कळलं न्हाय. खवा निघाला, भट्टी इझली, त्यांनी डबा खिळ्यावरनं काढून गळ्यात घातला. पदरानं पुसायला गेल्या, मग पुसला न्हाय.

ताई दुपारच्याला आली. डबा हातात घेतला. पांढऱ्याचा तांबूस-काळा झालेला. बोट फिरवलं, बोटाकडं बगितलं. मोबाइलला जोडला, त्यातल्या रेघा बगितल्या. मालक दारात उभे. भिंतीवर तो कागद.

“मावशी, हा सकाळपासून तुमच्याच गळ्यात होता ना?”

आत्या माज्याकडं बगायल्या. सहा वर्षांत त्या माज्याकडं तशा कधी बगितल्या न्हवत्या. रागानं न्हाय. काय हुतं ते मला सांगता येत न्हाय.

ताईनं मला इचारलं. “तुम्ही सांगा. दुसऱ्या कुणी हात लावला होता का? लावला असेल तर मला हे बाद करावं लागेल. खरं सांगा.”

मागच्या वर्षी लिंबाखालची हवा आमची म्हनून लिवली गेली तवा कुनी मला खरं सांगा म्हनलं न्हवतं. मी खरं सांगितलं तर ही ताई इमानदारीनं ते बाद करनार, ते मला दिसत हुतं. चांगली हाय ती. आन् त्या चांगुलपनात आत्या गेल्या, मी गेले, माजी पोरगी गेली.

म्या म्हनलं, न्हाय, कुनी न्हाय लावला.

आत्यांनी मान खाली घातली. मालकांनी काय वळखलं काय न्हाय, ते तसेच गाडी काढून बाजारात गेले.

कागद आजून आलेला न्हाय. शेड तसंच बंद हाय. आत्या आता माज्याशी बोलत न्हाईत, पन परवा मी भांडी घासायले तर शेजारी येऊन बसल्या आन् पोरीला सोताच्या कडंवर घिऊन लांब लिंबाखाली गेल्या, धुरापास्नं लांब. मी खोटं बोलले ते मला ठाव हाय. राती पोरीच्या छातीला कान लावते आन् शीळ येती का ऐकते, आन् त्या येळी मला त्या खोट्याचं काहीच वाटत न्हाय. सकाळी वाटतं. ताईचं तोंड आठवतं.

तुमी माज्या जागी आसता, लेकरू कडंवर, सासू गप, भिंतीवर हिरवा शिक्का, आन् ती खरं सांगा म्हनायली, तर तुमी काय सांगितलं आसतं?